सोनकांबळे सरांचा स्लोप

सोनकांबळे सर डोक्यावर काही घेत नसत. टोपी नाही, रुमाल नाही, भर उन्हात टॉवेलसुद्धा नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं कानाला फडकं बांधल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि हा माणूस उघड्या डोक्याने, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पुस्तकं छातीशी धरून शाळेत यायचा. परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एस.टी.तून उतरला की बाकीचे शिक्षक तो सरळ डोक्यावर टाकून चालू लागत. सर मात्र कुणाची तरी सायकल मागून आणत, गठ्ठा कॅरिअरला बांधत आणि सायकल हातात धरून शाळेपर्यंत चालत येत. त्यांना सायकल चालवता येत नव्हती.

मी त्या शाळेत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. माहेर नांदेडचं, वडील वकिलाकडे कारकून, घरात नळाचं पाणी. पहिली नेमणूक मिळाली ती लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माळेवाडीत. गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि जिल्ह्याचं ठिकाण इतकं लांब की तिकडून निघालेला साहेब आमच्यापर्यंत पोचेतो त्याची बदली झालेली असायची. मला भूगोल दिला होता. इंग्रजी सोनकांबळे सरांकडे.

पहिल्याच दिवशी खिडकीतून पाहिलं तर अख्खी नववी शाळेमागच्या चढावर उलटी चालत होती. खाली सर उभे. "अप द स्लोप!" म्हणून ओरडले की पोरं पाठमोरी वर जायची, "डाउन द स्लोप!" म्हटलं की धडपडत खाली यायची. एक मुलगी पडली, उठली, परकर झटकून पुन्हा चालू लागली. मी हेडमास्तरांना विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शब्द चालू हाय बाई. चालंल आठवडाभर."

सरांची ती पद्धतच होती. शब्दाचा मराठी अर्थ आधी सांगायचा नाही. आधी तो अंगाला लावून घ्यायचा. 'हेवी' शिकवताना बाक उचलायला लावत, 'थर्स्ट' शिकवताना मधल्या सुट्टीपर्यंत कुणाला पाणी पिऊ देत नसत. पण सगळ्यांत लाडका शब्द स्लोप. तो ते दरवर्षी, दर वर्गाला शिकवत, धड्यात असो की नसो. मी नवी होते, तोंडाळ होते. म्हटलं, सर, जमिनीचा उतार हा माझ्या विषयातला मामला आहे, तुम्ही कशाला घुसताय?

"तुमच्या नकाशावर उतार दिसतो बाई. पन दम लागतो का?"

"नकाशाला कशाला दम लागायला हवा?"

"हाव, म्हणूनच तर पोरं विसरून राहिली."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत उर्दूत झालेलं, निजामाच्या शाळेत. मग निजाम गेला आणि मराठी आली. पुढे नांदेडच्या वसतिगृहात राहून इंग्रजी. तिन्ही भाषांत मला मागच्याच बाकावर बसवलं, असं ते सांगत, पण कुरकुरीच्या सुरात नव्हे, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं. इंग्रजी बोलताना प्रत्येक शब्द ओल्या फरशीवर पाय ठेवावा इतक्या जपून टाकत. आणि एकदा टाकला की मागे घेत नसत.

एकदा चहा पिता पिता मीच विचारलं, हाच शब्द का एवढा आवडतो?

"असं बघा," सर म्हणाले, "मराठी मानूस खाली हुभा असला की चढ म्हणतो, वर हुभा असला की उतार. जमीन तीच. पन आधी तुमी कुठले, वरचे का खालचे, ते सांगावं लागतंय. इंग्रजी शब्द काय विचारीत न्हाई. स्लोप म्हणला की स्लोप. बिल्कुल सरळ मामला."

सर कशाबद्दल बोलत होते ते आम्हा सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. हेडमास्तरांनी विषय बदलायचा म्हणून विचारलं, सैन्यात बंदूक खांद्यावर तिरकी धरतात त्यालाही स्लोपच म्हणतात ना? सर म्हणाले, "म्हणतात. पन तो स्लोप मला नको. त्यात खांद्यावर वझं हाय."

हे ओझ्याचं काय प्रकरण आहे, ते मला त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. काळ्यासावळ्या, सडसडीत, बोलायला फटकळ. नवऱ्याला घरीसुद्धा 'सर' म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात किती मान आणि किती टोमणा हे दर वेळी वेगळं असायचं. सरांच्या वडलांकडे गावकीची कामं होती. गावात अंमलदार आला की त्याचा बिस्तरा, त्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायची. त्याचे पैसे नाहीत, नाही म्हणायची सोय नाही. सर लहानपणी बापामागे चालत, आणि बापाची मान दिवसेंदिवस खांद्यात कशी रुतत गेली ते पाहत. धर्म बदलला त्या वर्षी बापाने ती कामं सोडली, आणि मुलाकडून एकच वचन घेतलं. दुसरं काही शिकला नाहीस तरी चालेल, पण डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. सरांनी ते असं पाळलं की टोपीसुद्धा त्यात बसवली.

वचन सरांनी दिलं होतं. ओझं मात्र घरात होतंच, ते वहिनींच्या डोक्यावर आलं. गाव ओढ्याकाठी, सपाटीला. सरांची वस्ती वर खडकाळ टेकावर. बहुतेक गावांत अशी वस्ती खालच्या अंगाला असते, पण आमच्या गावात चांगली जमीन सगळी खालीच होती, म्हणून वस्ती वर ढकललेली. वस्तीची विहीर होती, पण ती होळीपर्यंतच. नंतर पाणी ओढ्यातल्या विहिरीचं, आणि तिथे वस्तीची पाळी सगळ्या गावाच्या नंतर. वहिनी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी आणि काखेत आणखी एक घेऊन तो चढ चढायच्या. मध्यावर एक मोठा दगड होता. बायका काखेतली कळशी त्यावर टेकवून दम घ्यायच्या. सर त्याच वाटेने, पुस्तकं छातीशी धरून, बायकोच्या दोन पावलं पुढे चालायचे.

मग दुष्काळ पडला. दुष्काळाबद्दल लोक आता खूप बोलतात. मला आठवतो तो कंटाळा. रोज तेच पांढरं आभाळ, तीच सुकडी, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची तीच लाल भाकरी, जी कितीही भाजली तरी दातांना लागायची. दहावीचा वर्ग रिकामा झाला. सगळी मुलं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेली. हेडमास्तर म्हणाले, जाऊ द्या, पाऊस आला की येतील. सर म्हणाले, येणार न्हाईत. आणि दुपारच्या सुट्टीत स्वतःच कामावर जाऊ लागले. मीही दोनचारदा गेले. फळा नव्हता. ताज्या मातीच्या भरावावर सर काटकीने शब्द लिहीत, पोरं भाकरीचा घास तोंडात घेऊन वाचत.

त्या दिवशी अर्थात स्लोपच चालला होता. बायका मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांध चढत होत्या, आणि सर त्यांच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगत होते, "दे आर कॅरिंग अर्थ अप द स्लोप." वाक्य अगदी बरोबर होतं. पाटी घेतलेली एक म्हातारी त्यांच्यासमोर थांबली.

"मास्तर, काय म्हनून ऱ्हायलाव आमाला?"

सरांनी मराठीत सांगितलं, तुम्ही माती वर नेताय असं.

"मग ते आमालाबी दिसतंय की! बोलण्यापरीस एक पाटी उचला!"

सगळे हसले, पोरंही हसली. सर हसले नाहीत. कानापर्यंत लाल झाले, पण त्यांनी पाटीला हात लावला नाही. त्या वर्षी त्या मातीवर शिकलेली बरीच मुलं पास झाली, हेही खरं. म्हातारीला त्याचं काय.

त्याच उन्हाळ्यात एक दिवस वहिनी शाळेच्या पायरीशी उभ्या राहिल्या. डोक्यावर रिकामी घागर. ओढ्यातली विहीर तळाला गेली होती, वाटीवाटीने पाणी भरायला लागत होतं.

"तुमचा सलोप ऱ्हाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. "एक कळशी तरी उचलू लागा. माजे गुडघे गेले."

आम्ही सगळे ऐकत होतो. सर हळू आवाजात म्हणाले, "कळशी न्हाई. नळ आणतो. तुझ्या अंगणात नळ आणतो."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि घागर सावरत विहिरीकडे खाली उतरल्या. पण तेव्हापासून सरांना दुसरा ध्यास राहिला नाही. पंचायतीत, तालुक्याला, जो भेटेल त्याला एकच. वस्तीवर नळ. प्रत्येक जण 'बघू' म्हणायचा. मराठीत याहून दमवणारा शब्द मला माहीत नाही.

मधे एकदा आम्ही माहूरला सहल नेली. मुलं रेणुकादेवीच्या पायऱ्या चढून गेली. सर देवळात जायचे नाहीत, तो त्यांचा प्रश्नच नव्हता. खाली पायरीवर सगळ्यांच्या चपला राखत बसले. मुलं धापा टाकत परत आली तेव्हा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "स्टीप. हा स्टीप स्लोप. आता आपल्या शाळेमागचा आठवा. तो जेंटल. फरक कळला?" एक पोरगा म्हणाला, सर, तुम्ही तर चढलाच नाहीत. सर म्हणाले, "मला वाचून कळतो." मला तेव्हा ते ऐकून हसू आलं होतं.

दहाएक वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. एका रात्रीत आपण दुसऱ्या जिल्ह्यात गेलो याचं लोकांना फार अप्रूप. शाळेच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' सरांनी स्वतः चुना लावून पुसलं आणि 'लातूर' लिहून घेतलं. आता जिल्हा जवळ आला, आता काम होणार, म्हणाले. आणि खरंच, जीपगाड्या दिसू लागल्या. नवे साहेब, नव्या योजना. एक दिवस पाण्याच्या योजनेचे एक तरुण साहेब शाळेच्या मैदानात उतरले. माणूस भला होता, पण दमलेला होता. त्या दिवशी त्याला अजून गावं उरकायची होती. जमीन मोजायचं यंत्र जीपमध्ये मागे होतं, सामानाखाली.

मी चहा घेऊन गेले तेव्हा साहेब कपाळावर हात धरून वस्तीकडे बघत होते. वस्तीवरचे बरेच लोक जमले होते. वहिनी कळशी घेऊन कडेला उभ्या होत्या. साहेबांना कुणीतरी सांगितलं की हे आमचे इंग्रजीचे सर. साहेब वळले आणि म्हणाले, "हाऊ इज द स्लोप, सर?"

सर त्या वेळी कसे दिसले ते मी विसरणार नाही. उभ्या जन्मात त्यांना कुणी साहेबाने इंग्रजीत काही विचारलं नव्हतं. आणि विचारला तो हाच शब्द. त्यांनी शर्ट नीट केला, घसा साफ केला.

"जेंटल, सर. व्हेरी जेंटल स्लोप."

"सायेब, चढ लई हाय," वहिनी कडेने बोलल्या. "दम तुटतोय माणसाचा."

सरांनी मागे न बघता हाताने खूण केली. थांब जरा. साहेब हसून म्हणाले, "सर सांगतायत ना. मग टाकी वर टेकावर कशाला, इथेच मैदानात बांधू. खर्चही वाचेल. आपोआप जाईल पाणी." सरांनी त्यांना जीपपर्यंत पोचवलं. यंत्र सामानाखालीच राहिलं.

टाकी झाली. पाइप वस्तीवर गेले. अंगणाअंगणात नळ उभे राहिले, सरांच्या अंगणातही. पाणी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे वर गेलो होतो. वहिनींनी पितळी कळशी चिंचेने घासून लख्ख केली आणि नळाखाली ठेवली. सरांनी नळ फिरवला. आधी फुसफुस झाली, मग गंजाचं थोडं तांबडं पाणी कळशीच्या तळाशी पडलं, मग पुन्हा फुसफुस. खाली गावात मात्र पाणी धो धो येत होतं, त्याचा गलका वर ऐकू येत होता. शेजारच्या अंगणांतही तेच. कुणी सरांकडे बघत नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं.

वहिनी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "बंद करा सर. वारं सांडून ऱ्हायलंय." त्यांनी ते तांबडं पाणी ओतून टाकलं, कळशी उचलली आणि खाली गेल्या.

मला सरांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी न बोलता घरी आले. एका शब्दासाठी! पण रात्र पडल्यावर राग उतरला आणि वाईट वाटलं. ज्याला आयुष्यभर मागच्या बाकावर बसवलं, त्याला कुणी पुढे बोलावून प्रश्न विचारला, तर तो आपलं सगळ्यांत चांगलं इंग्रजी बाहेर काढणारच की. ते इंग्रजी त्याच्या बायकोच्या डोक्यावर पडलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर रांगेत नव्हते. ते मैदानातल्या टाकीच्या नळावर होते. डोक्यावर चुंबळ होती. पांढरा शर्ट तोच, इस्त्री तीच. घागर भरली, दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. तशीच घेऊन वस्तीकडे निघाले. प्रार्थना म्हणता म्हणता सगळी शाळा बघत होती. काही मुलं हसली, मी त्यांच्याकडे बघितलं तशी गप्प झाली. हेडमास्तर पुढे धावले, सर, शिपायाला सांगतो ना. सर थांबले नाहीत. परत आले तेव्हा मी विचारलं, "सर, हे काय?"

"शब्द शिकून राहिलो, बाई."

गावाने चार दिवस गंमत केली आणि सोडून दिलं. वस्तीवरची म्हातारी माणसं मात्र खवळली. सरांचा चुलता चावडीसमोर उभा राहून म्हणाला, "ज्यातनं तुजा बाप सुटला तेच तू पुन्यांदा डोस्क्यावर घेतलंस? लाज न्हाई वाटत?"

सर म्हणाले, "काका, ते दुसऱ्याचं वझं व्हतं. हे माझ्या घरचं हाय."

मग ते रोजचंच झालं. शाळेआधी आणि शाळेनंतर. शर्ट डोक्यावरच्या पाण्याने भिजायचा, इस्त्री मोडली, पुढे पुढे त्यांनी इस्त्री करणंच सोडलं. शिवाय लातूरला खेटे चालूच. वर दुसरी टाकी बांधून द्या म्हणून. कचेरीत सांगत की योजना पूर्ण झाली आहे, पाणी वस्तीवर पोचतं. कागदावर पाणी चढलेलं होतं. तो तरुण साहेब बदलून गेला होता. सर परत यायचे, बाकावर बसून पाय चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घागर. शिकवताना आता ते पोरांना उलटं चालवत नसत. स्लोप हा शब्द धड्यात आला तर फळ्यावर लिहीत, अर्थ मराठीत सांगत आणि पुढे जात. मला त्यांचं ते जुनं वेड आठवून वाईट वाटायचं.

माझी बदली नांदेडला झाली. निघायच्या दिवशी सकाळी एस.टी.ला वेळ होता, म्हणून निरोप घ्यायला गेले, तर सर मैदानातच भेटले, घागर डोक्यावर घेताना. म्हणाले, चला वर, वहिनींना भेटून जा. मी त्यांच्या मागे चालू लागले. इतक्या वर्षांत त्या वाटेने मी मोजक्याच वेळा गेले होते, आणि तेही रिकाम्या हाताने. सरांची मान ताठ होती, पण पोटऱ्या थरथरत होत्या. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, आणि मधोमध, चुंबळ बसते तिथे, अगदीच गेले होते. दम घ्यायचा दगड आला. ते थांबले नाहीत.

मला राहवलं नाही. "सर," मी विचारलं, "कसा आहे स्लोप?"

त्यांनी एक हात वर केला. वर गेल्यावर सांगतो.

वहिनी दारात वाट बघत होत्या. गुडघ्यांना फडकी बांधलेली. त्यांनी पुढे होऊन सरांच्या डोक्यावरची घागर उतरून घेतली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि अंगणातल्या कोरड्या नळाला अडकवली. त्या नळाची तीच जागा झाली होती. सर पायरीवर बसले. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी उभी राहिले. खाली रस्त्यावर माझ्या एस.टी.चा भोंगा वाजला.

"चढ हाय, बाई," सर म्हणाले. "नुसता चढ हाय."

वहिनींनी घागर तिरपी करून तांब्या भरला आणि पहिलं पाणी सरांच्या हातात दिलं.